नऊ नंबरचा अंगठा

गोपाळराव गजभियांच्या बैठकीत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला एक लाकडी स्टूल असतं. त्यावर कोणी बसत नाही. नवखा माणूस चुकून टेकायला गेला की स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, मायाबाईंचा आवाज येतो, "तिथं नका बसू भाऊ, ते त्यायचं कागद वाचायचं स्टूल हाय." माणूस गडबडून खुर्चीवर सरकतो. वाचणारा तर टेबलाच्या अलीकडे बसतो, मग ते स्टूल कोणासाठी, हे विचारायचं त्याला सुचत नाही. त्याला आपल्या कागदाची घाई असते.

नागपूरच्या नंदनवनातल्या त्यांच्या गल्लीत कागद म्हटला की गोपाळराव. ते वकील नाहीत. एका खाजगी शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं बाबूगिरी केली आणि मागच्या वर्षी रिटायर झाले. पण अकरा महिन्यांचा भाडेकरार असो, नोकरीचा बॉण्ड असो, लग्नाच्या हॉलचं बुकिंग असो, सही करायच्या आधी माणसं कागद त्यांच्याकडे घेऊन येतात. ते त्याचं काही घेत नाहीत. घाई असेल तर आणू नका, एवढंच म्हणतात.

वाचायची त्यांची एक रीत आहे. शेवटच्या पानापासून सुरुवात. शाळेतून सोबत आणलेली, कडा झिजलेली लाकडी फूटपट्टी ओळीखाली ठेवायची आणि ओळ मोठ्यानं वाचायची. इंग्रजी असली तर आधी इंग्रजीत, मग आपल्या बोलीत. समजली असं ऐकणाऱ्यानं म्हटलं की समासात पेन्सिलीचं बारीक टिंब, मग पट्टी पुढच्या ओळीखाली. मधे चहा नाही, फोन नाही. आणि वाचता वाचता त्यांची नजर कागदावरून उठून त्या रिकाम्या स्टुलाकडे जाते. तिथं बसलेल्याला कळलं की नाही ते पाहावं, तशी.

"सीताबर्डीले मिक्सर घ्याले गेलो होतो," मायाबाई शेजारणींना सांगतात. "दुकानदारानं गॅरंटीचं कार्ड देल्लं, तं हे तिथंच काउंटरवर वाचत बसले. मागे ही लाइन! दुकानदार म्हणे, काकाजी, मिक्सर घेऊन राहिले का कार्ड? मी म्हणलं, भाऊ, लग्नाच्या टायमाले मले इतकं वाचलं असतं तं तुमच्या दुकानात मी आली नसती."

शेजारणी हसतात. गोपाळरावही हसतात. पण ते स्टूल ते मायाबाईंना पुसू देत नाहीत. रोज सकाळी स्वतः पुसतात. फडक्यावर एक पट्टा उमटतो. धूळच असेल, नंदनवनात धुळीला काय तोटा. पण टेबलावरची धूळ पिवळट असते, स्टुलावरची राखाडी. ते फडकं ते खिडकीबाहेर झटकतात आणि हात दोनदा धुतात.

एकोणतीस वर्षांपूर्वी गोपाळराव नुसते गोपाळ होते आणि खापरखेड्याच्या अलीकडच्या एका वस्तीत राहत होते. वस्तीतला पहिला बीए. छप्पन साली त्याच्या आजोबानं दीक्षा घेतली तेव्हा त्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, आणि नातवानं पदवीचा कागद घरी आणला तेव्हा सगळी वस्ती तो कागद हातात धरून पाहायला आली होती. तेव्हापासून ज्यावर अक्षर आहे ते सारं गोपाळकडे यायचं. पोस्टातली पत्रं, औषधाच्या बाटल्या, कोर्टाच्या नोटिसा. "आपल्या वस्तीत पंचशील नाई, सहा शील हायत," नत्थू बोरकर म्हणायचा. "सहावं म्हणजे, गोपाळनं वाचलं तं झालं."

नत्थू त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. कन्हान नदीत पोहायला त्यानंच गोपाळला शिकवलं. वस्तीजवळ राखेच्या विटांचा एक खाजगी कारखाना होता. आता त्या जागी गोदाम आहे, शेठही गेला. कोळशाची राख ट्रकनं यायची, एका उंच लोखंडी कोठीत भरायची, खालच्या तोंडातून सोडायची आणि तिच्या विटा पाडायच्या. गोपाळ तिथं हजेरीबाबू होता. नत्थू कोठीवर.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेठनं मजुरांना दीक्षाभूमीला जायला ट्रक दिला. फुकट. पांढरेशुभ्र कपडे घालून चौदा मजूर आणि त्यांची बायका-पोरं कारखान्याच्या फाटकात जमली. बायका आधीच वर चढून बसल्या होत्या. नत्थूची बायको कौसल्या दोन महिन्यांची पोर घेऊन कडेला बसली होती. ट्रक धडधडत होता. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. तेवढ्यात मॅनेजर पाठपोट टाइप केलेला एक कागद आणि जांभळ्या शाईचं पॅड घेऊन आला.

"गोपाळ, एवढे अंगठे घेऊन घे. परवा इन्स्पेक्टर येऊन राहिला. हे झालं की गाडी सुटली."

गोपाळनं कागद घेतला. 'आम्ही खाली अंगठा करणारे' एवढी पहिली ओळ त्यानं पाहिली. त्याच्या अंगात नवा पांढरा शर्ट होता आणि शाई लागेल म्हणून तो कागद अंगापासून लांब धरून उभा होता. माणसं रांगेत आली. एक, दोन, तीन. आठ झाले. नववा नत्थू. त्यानं अंगठा पॅडवर दाबला, उचलला, आणि हवेतच धरला.

"काय लिहिलं हाय गा, गोपाळ?"

हॉर्न वाजला. ट्रकवरून पोरं ओरडली.

"काई नाई गा नत्थूभाऊ. हजेरीचं हाय. लाव अंगठा."

नत्थूनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. लावला.

चौदा झाल्यावर कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. 'वरील मजकूर मी सर्वांना वाचून दाखविला, समजावून सांगितला व तो त्यांना मान्य आहे.' पुढे ठिपके. ती ओळ मात्र गोपाळनं वाचली आणि वाचून सही केली. सहीखाली बीए असंही लिहिलं.

माघात कोठीच्या तोंडाशी राख बसली. ती मोकळी करायला नत्थू लोखंडी कांब घेऊन वर चढला. कमरेला पट्टा नव्हता. पट्टे त्या कारखान्यात कधी आलेच नव्हते. खाली कांबेचा आवाज येत होता, ठण्, ठण्, मग आला नाही. राखेचा आवाज होत नाही. दोन तासांनी त्याला राखेतून बाहेर काढलं तेव्हा डोळे उघडे होते आणि पापण्यांचे केस राखेनं जाड झाले होते. एखाद्या म्हाताऱ्याच्या असाव्यात तशा पापण्या, तिशीतल्या माणसाच्या तोंडावर.

चौकशी झाली. सरकारी साहेबानं तोच कागद काढला आणि वाचला. 'आम्हांस कमरेचे पट्टे, तोंडाची फडकी व इतर सर्व सुरक्षा साधने मिळाली आहेत. त्यांचा वापर न केल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी सर्वस्वी आमची राहील.' ज्यानं तो सगळ्यांना वाचून दाखवला होता, त्या गोपाळनं तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"हे तुम्हीच वाचून दाखवलं?" साहेबानं विचारलं.

नाही म्हटलं असतं तर तो कागद तिथंच मेला असता. पण खोटी सही केली म्हणून स्वतःच्या हातात बेड्या पडतील, असं गोपाळला वाटलं. मॅनेजर भिंतीला टेकून त्याच्याकडे पाहत होता. बाकावर कौसल्या बसली होती, मांडीवर पोर.

"होय साहेब," तो म्हणाला.

दोन महिन्यांत त्यानं कारखाना सोडला. नागपुरात शाळेत चिकटला, नंदनवनात खोली घेतली. शाळेतल्या पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी एक पत्र सहीसाठी पुढे केलं. गोपाळनं पेन उघडलं आणि टेबलाच्या पलीकडून आवाज आला, "काय लिहिलं हाय गा?" त्यानं वर पाहिलं. पाहुण्यांच्या स्टुलावर नत्थू बसला होता. पापण्या तशाच. गोपाळनं घाबरून ते पत्र मोठ्यानं वाचलं, 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. हेडमास्तर नव्या बाबूकडे पाहतच राहिले. पण वाचून होताच नत्थूनं मान हलवली होती आणि स्टूल रिकामं झालं होतं. एक ओळ गाळली की जात नाही, हे पुढे एकदा गाळून पाहिल्यावर कळलं. तो आठ दिवस गेला नाही.

शाळेनं जुनं फर्निचर काढलं तेव्हा ते स्टूल गोपाळरावांनी घरी आणलं. मायाबाईंनी विचारलं, कायले आणलं? राहू दे, म्हणाले.

कौसल्या वर्षभरात भावाकडे नागपुरात आली. बालवाडीत खिचडी शिजवायला लागली. आणि एक दिवस भाडेकरार घेऊन गोपाळरावांच्या दारात उभी राहिली. त्यांना वाटलं, आता थुंकेल. तिनं जय भीम केला आणि म्हणाली, "गोपाळभाऊ, एवढं वाचून द्या."

तेव्हापासून तिचा प्रत्येक कागद त्यांनीच वाचला. पोरीचा शाळेचा दाखला, गॅसचं कार्ड, बचत गटाचे नियम, कॉलेजचे अर्ज. ती समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची आणि शेवटपर्यंत ऐकायची. हिला काहीच माहीत नाही, असं गोपाळरावांनी धरून ठेवलं होतं. माहीत असतं तर आली असती का? दर वेळी ते ठरवायचे, आज सांगू. कागद संपला की ती उठायची, आणि ते तिला दारापर्यंत सोडायला जायचे.

यंदा पौषातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, आणि मायाबाई आत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. खाली फाटकाशी पांढरी गाडी थांबली, मोठी, ॲम्ब्युलन्ससारखी. तिच्यातून नत्थूची पोर हर्षा उतरली आणि मागून कौसल्या.

हर्षा आता एकोणतीसची. एक्स-रेचा डिप्लोमा केलेला, पाच वर्षं एका छोट्या दवाखान्यात राबलेली. एका नव्या तपासणी केंद्रानं खेडोपाडी फिरणारी एक्स-रेची गाडी काढली होती आणि त्या गाडीवर तिची निवड झाली होती. पक्की नोकरी. पहिलं शिबिर आजच, रामटेकला.

"काका, लवकर करा बरं का," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "कागद आत्ता सकाळी देल्ले सेंटरच्या मॅडमनं. सही करून गाडीत बस म्हणे. साक्षीदार बी पाह्यजे. मी तं गाडीतच करून टाकत होती, पण ही आई! म्हणते, गोपाळभाऊनं वाचल्याबिगर पेन हातात घेऊ नको."

"नाईच घ्याचं," कौसल्या म्हणाली आणि नेहमीच्या खुर्चीत बसून तिनं डोळे मिटले.

इंग्रजीत चार पानं होती. गोपाळरावांनी चौथं पान वर घेतलं, पट्टी ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. बाहेर गाडी बंद केलेली नव्हती. तिची धडधड खिडकीच्या काचेला जाणवत होती. चौथं पान झालं. सह्यांच्या जागा, साक्षीदाराची जागा. बारा टिंबं.

हॉर्न वाजला.

त्यांचा हात थांबला. वर न पाहताच त्यांना कळलं की स्टुलावर कोणी आलं आहे.

"तो प्रीतम हाय, ड्रायव्हर," हर्षा म्हणाली. "अकराच्या आत कामठी नाका सोडाचा म्हणते. काका, मधलं मधलं पाहून घ्या ना."

"बस बेटा. पाहून राहिलो."

तिसरं पान. आठवं कलम, नववं, दहावं. सुट्ट्या, गणवेश, गावोगाव मुक्काम. हॉर्न पुन्हा वाजला, लांब. अकराव्या कलमाची पहिली ओळ त्यांनी इंग्रजीत वाचली आणि मग आपल्या बोलीत सांगायला लागले, "शिशाचा ॲप्रन, किरण मोजाचा बॅज, नि बाकी सगळी सुरक्षा साधनं मले भेटली हायत. त्यांचा वापर न केल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी सर्वस्वी..."

ते थांबले. पट्टी अजून पहिल्याच ओळीखाली होती. खालची ओळ त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. तोंडातून आली होती ती बोली नव्हती, ते कोणाचं तरी टाइप केलेलं जुनं मराठी होतं. त्यांनी पट्टी खाली सरकवली. इंग्रजीत तेच होतं. शब्दाला शब्द.

"काका? काय झालं?"

"तुले बॅज भेटला?"

"भेटन ना. मुंबईहून येऊन राहिले म्हणे."

"अन् ॲप्रन?"

"हाय एक गाडीत."

"हाय नं काकाजी," दारातून आवाज आला. प्रीतम वाट पाहून वर आला होता, पंचविशीतला हसरा माणूस, हातात गाडीची किल्ली. "माझ्याच सीटवर हाय. सीटची स्प्रिंग टोचते नं, म्हणून खाली टाकला. मस्त जाड हाय, एकदम सोफा."

तो एकटाच हसला. मग दारातच उभा राहिला.

गोपाळरावांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे कलम कापाले लाव. नाई तं बॅज, ॲप्रन हातात घे, मग सही कर. हर्षा, हे लिहून देऊ नको तू."

"सगळ्याच कागदात असंच लिहिलेलं राहते काका! फॉर्मॅलिटी हाय ती. कोणी वाचत नाई."

हजेरीचं हाय, असं त्यांना ऐकू आलं.

"तू रोज चाळीस-पन्नास फोटो काढशीन त्या डब्यात उभी राहून..."

"मले मालूम हाय एक्स-रे काय असते!" हर्षाचा आवाज चढला. "मी शिकली हाय ते. उद्या मीच मागून घेईन ॲप्रन. पण आज सही नाई केली तं मॅडमपाशी दोन पोरी बसून हायत. पाच वर्षं त्या दवाखान्यात घासली मी. अन् तुमी..." तोंडात आलेलं निघालंच. "तुमी तं मिक्सरचं कार्ड बी वाचता. अख्खी गल्ली हसते. तुमच्या भेवापायी माझी नोकरी जाऊन राहिली. एवढं कायचं भेव वाटते हो तुमाले?"

आतला शेंगा सोलायचा आवाज थांबला.

गोपाळरावांनी स्टुलाकडे पाहिलं. नत्थू मान हलवत नव्हता. अंगठा हवेत धरून बसला होता, ओला, जांभळा. एवढ्या वर्षांत तो कधी अंगठा धरून आला नव्हता.

"तुझ्या बाबानं मले विचारलं होतं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "कागदात काय लिहिलं हाय, म्हणून. मी म्हणलं, हजेरीचं हाय. मी वाचलाच नव्हता तो. ट्रकची घाई होती. चौदा जणांचे अंगठे घेतले अन् खाली सही केली, की वाचून दाखवला. त्यात हेच लिहिलं होतं, बेटा. हेच. पट्टे भेटले म्हणून. मंग साहेबानं विचारलं तवा बी मी होय म्हणलं. नाई म्हणलं असतं तं तुमची भरपाईची केस टिकली असती."

प्रीतमनं हातातली किल्ली खिशात घातली, वाजू नये म्हणून.

कौसल्येचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"सांगतलं आज," ती म्हणाली. "मले वाटे, मी मरेन तवा सांगाल."

गोपाळराव तिच्याकडे वळले. "वहिनी... तुमाले..."

"मी ट्रकवर बसून होती नं भाऊ. कडेलाच. या पोरीचं टोपडं बांधून राहिली होती. तुमच्या हातात कागद आला तवा गाठ माराले घेतली. गाठ बसली तवा तुमी अंगठे घेऊन राहिले होते. बंद बांधाच्या आत चौदा जणांले पाठपोट कागद वाचून दाखवला तुमी?" तिनं डोळे उघडले. "हिच्या बाबानं बी सांगतलं मले, दीक्षाभूमीवरून येता येता. गोपाळनं वाचला नाई आज, म्हणे. त्याची नजर गाडीवर होती."

"अन् तरी अंगठा लावला नत्थूभाऊनं?"

"तुमी सांगतलं म्हणून."



"मंग तुमी माझ्याच घरी काहून येत होत्या?" गोपाळरावांनी विचारलं. "दर वेळी? माझ्याकडेच?"

"दुसऱ्या कोणाकडे जाऊ? वकील पानं पलटवते नि म्हणते, सब ठीक हाय बाई. मास्तराले टाइम नाई. तुमच्यासमोर तं हे बसून राहतेत." तिनं हनुवटीनं स्टुलाकडे दाखवलं, घरातल्या माणसाकडे दाखवावं तसं. "मी पहिल्याच दिवशी पाह्यलं होतं, भाडेकराराच्या टायमाले. तुमी वाचून राहिले होते माझ्यासाठी, अन् पाहून राहिले होते तिकडे. मी म्हणलं, हा माणूस आता एक ओळ सोडू शकत नाई. असा वाचणारा मले नागपुरात कुठं भेटला असता, भाऊ?"

"वहिनी, मले माफ..."

"नाई." दुसरा कप चहा नको म्हणावं तितक्या साधेपणानं ती म्हणाली. "माफ केलं असतं तं आज तुमी मधलं मधलं पाहून घेतलं असतं."

हर्षा उभीच होती. ती कधी आईकडे पाही, कधी काकांकडे, आणि त्या स्टुलाकडे पाहायचं टाळी. मग ती टेबलाशी आली. तिनं काकांच्या हाताखालची फूटपट्टी ओढून घेतली, अकराव्या कलमावर ठेवली आणि पेननं सरळ रेघ मारली. समासात इंग्रजीत लिहिलं, साधनं मिळालेली नाहीत, मिळाल्यावर लिहून देईन. आपली सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"करा साक्षीदाराची सही."

"दोन पानं राहिली बेटा."

"वाचा मंग."

त्यांनी वाचली. दुसरं पान, मग पहिलं. या वेळी कोणी हॉर्न दिला नाही, कारण हॉर्न देणारा दारात उभा राहून ऐकत होता. शेवटचं टिंब देऊन गोपाळरावांनी सही केली. प्रीतमनं कागदांचे मोबाइलवर फोटो काढले, मॅडमला पाठवले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा तो हर्षाकडे न पाहता बोलला.

"मॅडम म्हणते, आज राहू दे तिले. दुसरीले घेऊन जा. कागदाचं मंग पाहू म्हणे."

"मंग म्हणजे कवा?"

"ते नाई बोलली ताई." तो जिन्याकडे वळला, थांबला. "मी तो ॲप्रन सीटवरून काढून ठेवतो. जी कोणी बसन तिच्यासाठी."

गाडी गेली. खिडकीची काच शांत झाली. हर्षा खिडकीत उभी राहून गल्लीच्या टोकापर्यंत पाहत होती. तिच्या खांद्यावर शिबिराची पिशवी तशीच होती, डबा आणि पाण्याची बाटली भरलेली. मग तिनं पिशवी खाली ठेवली, डोळे ओढणीला पुसले आणि सरळ येऊन त्या स्टुलावर बसली.

मायाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांचं तोंड उघडलं, पण नेहमीचे शब्द आले नाहीत.

"काका, बाबाचा तो कागद हाय का तुमच्यापाशी?"

होता. चौकशीच्या कचेरीतून अर्ज करून त्यांनी त्याची नक्कल आणली होती, कारखाना सोडला त्याच महिन्यात. शाळेच्या एका जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात ठेवलेली. रोज वाचून तो त्यांना पाठ झाला होता, पण मनातल्या मनात. तो एकच कागद त्यांनी कधी मोठ्यानं वाचला नव्हता. त्यांनी कपाट उघडलं. घडीवर कागद फाटायला आला होता. तो टेबलावर पसरून त्यांनी सवयीनं पाठची बाजू वर केली.

"शेवटून नको," हर्षा म्हणाली. "पहिल्यापासून. मले नीट ऐकाचं हाय."

कौसल्येनं डोळे मिटले.

गोपाळरावांनी पट्टी ठेवली. 'आम्ही खाली अंगठा करणारे.' ओळीमागून ओळ. पट्टे. फडकी. जबाबदारी. प्रत्येक ओळीनंतर ते वर पाहायचे आणि हर्षा मान हलवायची. तिचं कपाळ बापासारखं रुंद होतं. उन्हाची तिरीप तिच्या पापण्यांवर आली होती आणि गोपाळरावांना तिकडे फार वेळ पाहवत नव्हतं. मग नावं आली. एक, दोन, तीन. ज्यांची नावं ते वाचत होते त्यांतले निम्मे आता नव्हते. आठवं झालं. पट्टी खाली सरकली. नक्कल काढताना तिथला ठसा काळा होऊन पसरला होता.

"इथं काय लिहिलं हाय काका?" हर्षानं वाकून विचारलं.

"नत्थू सोमाजी बोरकर," त्यांनी वाचलं. "डाव्या हाताचा अंगठा."

पुढची पाच नावं झाली. शेवटची ओळ झाली, वाचून दाखविल्याची. सही झाली, सहीखालचं बीए झालं. मायाबाईंच्या ट्रेमधल्या चहावर साय धरली होती.

"झालं," गोपाळराव म्हणाले. त्यांना वाटलं, आता तरी खोली हलकी होईल.

कौसल्या उठली. पदर सारखा करत तिनं टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. तिला अक्षरं येत नव्हती, पण ठसे मोजता येत होते.

"चौदा अंगठे हायत भाऊ," ती म्हणाली. "आज एक घर झालं. बाकीच्यांची पोरंबाळं बी हायत अजून. कोणी वस्तीतच हाय, कोणी कामठीले. मले पत्ते मालूम हायत."

गोपाळरावांनी पेन्सिल उचलली. नऊ नंबरसमोर एक बारीक टिंब दिलं. मग कागद पुठ्ठ्यात घातला, वर फूटपट्टी ठेवली आणि चपला शोधायला लागले.